लाकडी घाण्याचा बोर्ड लोक वाचतात आणि भलतंच विचारतात. मजकूर काय ठेवू?

घाणेवाला (लातूर)

नमस्कार मंडळी. औसा रोडला गाळा घेऊन लाकडी घाणा टाकलाय. मुख्य माल करडी आणि शेंगदाणा. तीळ, जवस, खोबरं मागणीप्रमाणे. करडी आमच्याच भागातली, रास झाली की वर्षाची भरून ठेवतो. एकदा तेल नेलेलं गिऱ्हाईक परत येतं, त्याची काळजी नाही. अडचण नवीन माणसाची आहे.

बोर्ड दहा बाय चारचा फ्लेक्स आहे. वरून खाली मजकूर असा: सगळ्यात वर श्री. मग दुकानाचं नाव, त्याखाली इंग्रजीत ठळक ‘ऑइल मिल’. मग ‘शुद्ध, सात्त्विक, नैसर्गिक, आरोग्यदायी’. मग ‘१००% केमिकल फ्री, कोलेस्टेरॉल फ्री, डबल फिल्टर’. मग ‘परंपरा आरोग्याची, जपणूक नात्यांची’. मग ‘सर्व प्रकारची तेले योग्य दरात मिळतील’. मग ‘घरपोच सेवा, होलसेल व रिटेल, डीलरशिप देणे आहे’. शेवटी पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. डावीकडे बालाजी, उजवीकडे आजोबांचा फोटो, मागं सूर्यफुलाचं शेत. फोटो डिझायनरनं त्याच्याकडचा टाकला, छान दिसत होता म्हणून आम्हीही राहू दिला.

आता लोक काय विचारतात ते सांगतो. सूर्यफूल आहे का? (नाही.) पामतेलाचा डबा केवढ्याला? (ठेवत नाही.) आमचे शेंगदाणे आणले तर तेल काढून द्याल का? (देतो की, मजुरीवर रोज काढतो.) पेंड मिळेल का? (मिळते, म्हशीवाले तर पेंडीसाठीच येतात.) परवा एक ट्रॅक्टरवाला थांबला आणि इंजिन ऑइलचे भाव विचारायला लागला. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला, एवढं महाग कसं?

माझा भाचा पुण्यात असतो. तो म्हणतो, मामा, ब्रँडिंग करा, एक दणदणीत टॅगलाइन पाहिजे, मग इन्स्टावर पैसे लावू. त्यानं तीन पाठवल्यात: ‘चव मातीची, साथ आरोग्याची’, ‘घाण्याचा थेंब, आयुष्याचा खांब’ आणि ‘मूळाकडे चला’. यातली कोणती घेऊ? का अजून काही सुचतं? फ्लेक्स तसाही फाटत आलाय, नवीन करायचाच आहे.

सांगलीकर

दुसरी अजिबात नको, खांब म्हटलं की एमएसईबी आठवते. ‘थेंबाथेंबात आरोग्य’ कशी वाटते?

जुना पेंटर (बार्शी)

मालक, टॅगलाइन राहू द्या बाजूला. आधी मला सांगा, तुमचा बोर्ड वाचतो कोण आणि कुठून?

मी बार्शीत बोर्ड रंगवतो. पत्रा, भिंत, ट्रकची मागची फळी, सगळं केलं. फ्लेक्स आला तेव्हा निम्मे पेंटर रिक्षा चालवायला लागले, मी कॉम्प्युटर शिकलो. आता दोन्ही करतो. त्यामुळं एक फरक मला जवळून दिसलाय. हातानं रंगवायचो तेव्हा अक्षरावर पैसे घ्यायचो. गिऱ्हाईक बसल्या जागी मजकूर कापायचं. ‘योग्य दरात’ काढा, ‘अवश्य भेट द्या’ काढा, तेवढेच पैसे वाचले. फ्लेक्सचा दर पडला स्क्वेअर फुटावर. चार शब्द टाका नाहीतर चाळीस, बिल तेवढंच. तिथून लोकांनी बोर्डवर लग्नपत्रिका छापायला सुरुवात केली.

आता तुमच्या बोर्डचं माप काढू. आमच्यात ठोकताळा आहे, दहा फुटांवरून नीट वाचायचं तर एक इंच उंचीचं अक्षर लागतं. ऐंशी फुटांवरून वाचायचं तर आठ इंच. तुमचा बोर्ड चार फूट उंच, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. ओळी मोजल्या तर नऊ भरतात. ओळीला पाच इंच आले. त्यात आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, शिवाय दोन ओळींत थोडी हवा पाहिजे. मूळ अक्षराला तीन इंचसुद्धा उरत नाहीत. म्हणजे तीस फुटांच्या आत आल्याशिवाय वाचता येणार नाही. मोटारसायकल ताशी चाळीसनं चालली तरी सेकंदाला छत्तीस फूट कापते. त्या माणसाला तुमच्या नऊ ओळींसाठी एक सेकंदसुद्धा मिळत नाही. त्यात त्याला काय दिसतं? ‘ऑइल’ आणि सूर्यफूल. मग तो एकतर सूर्यफूल मागतो नाहीतर इंजिन ऑइल. ट्रॅक्टरवाल्याला हसू नका, त्यानं बोर्डवर दिसलं तेच विचारलं.

माझ्या मते नवीन बोर्डला तीनच ओळी ठेवा.

लाकडी घाणा
करडी तेल • शेंगदाणा तेल
तुमचे दाणे आणा, तेल काढून देतो

पहिली ओळ बारा इंच अक्षरात. दहा फूट रुंदीत आरामात बसते, मी कागदावर आखून बघितली. दुसरी सहा इंच, तिसरी चार. दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात बारीक. नाव खाली म्हटलं की मालक लोक नाराज होतात, मला माहीत आहे. पण तुमच्या नावानं तुम्हाला शोधणारा माणूस तुम्हाला आधीच ओळखतो, तो कसाही येईल. मोबाइल नंबर बोर्डवर एकच. दोन असले की लोक कुठलाच टिपत नाहीत. डीलरशिपवाला दहा वर्षांत एकदा येईल, त्याला आत बसवून चहा पाजा.

तिसऱ्या ओळीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. तुम्हीच लिहिलंय की रोज मजुरीवर तेल काढता आणि रोज लोक विचारतात. मग अख्ख्या बोर्डवर ते कुठंय? ‘जपणूक नात्यांची’ला जागा मिळाली, धंद्याला नाही मिळाली. असं बघा, तुम्हाला जो माणूस आत येऊन विचारतो, त्याच्या मागं न विचारता पुढं गेलेले कितीतरी असणार.

आठवडाभर गल्ल्यावर एक वही ठेवा. आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जसाच्या तसा टिपा, त्याच्याच भाषेत. जे सारखं सारखं येईल ते बोर्डवर, जे कधीमधी येईल ते आत भिंतीवर. मी आता कुणाचाही मोठा बोर्ड घेतला तर हे आधी करायला लावतो. एका चप्पलवाल्यानं चार दिवसांत वही आणून दिली. निम्म्याहून जास्त लोकांनी ‘शिवून मिळेल का’ विचारलं होतं आणि त्याच्या बोर्डवर ‘भव्य दालन’ लिहिलेलं.

पंक्चरवाल्याकडं बघा. एक जुना टायर लटकवतो, त्यावर चुन्यानं ‘पंक्चर’. झालं. रसवंतीवाल्याला तर अक्षरंही लागत नाहीत, चरकाला घुंगरं बांधली की कडक उन्हात माणूस एसटीतून उतरून येतो. तुमचा घाणा पुढं आहे का मागच्या खोलीत? मागं असेल तर पुढं काढा, रस्त्यावरून फिरताना दिसला पाहिजे. चालू घाण्याचा वास हा तुमचा अर्धा बोर्ड आहे.

रंगाचं थोडक्यात: पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर गडद निळं. लाल अक्षरं करू नका, थेट ऊन असेल तर दोन उन्हाळ्यांत गुलाबी होतात. आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको. २०२२ पासून छोट्या दुकानांनाही ते लागू आहे. तुमचं ‘ऑइल मिल’ त्यात अडकेल.

अन्नतंत्र (नाशिक)

पेंटरकाकांशी सहमत. मी खाद्यपदार्थांची लेबलं तपासायचं काम करते, म्हणून त्या बाजूचं सांगते.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ आधी काढा. कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं, शेजारच्या दुकानातल्या पाउचमध्येही नाही. म्हणजे यात तुमचं वेगळं काही सांगून होत नाही. शिवाय खाद्यतेलाच्या लेबलवर आणि जाहिरातीत ‘अँटी-कोलेस्टेरॉल’, ‘डबल रिफाइंड’, ‘सूदिंग टू हार्ट’ असले आणि एकूणच गुण फुगवून सांगणारे शब्द नियमानं चालत नाहीत. ‘डबल फिल्टर’ त्याच पंगतीतलं. ‘नॅचरल’, ‘प्युअर’, ‘ट्रॅडिशनल’ या शब्दांना एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या दाव्यांच्या नियमांत अटी आहेत. आणि ‘१००%’ हा प्रकार वापरू नका असं त्यांनी मे २०२५ मध्ये कंपन्यांना बजावलंय. तुमच्या बोर्डवरच्या दोन ओळी इथंच गेल्या. बाटलीवर चौदा आकडी परवाना क्रमांक, पॅकिंगचा महिना, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे हवंच.

एक प्रश्न विचारते, कारण ‘महाग’ची मेख बहुतेक इथं आहे. तुमचा भाव किलोचा आहे की लिटरचा?

घाणेवाला (लातूर)

किलोचा. आमच्याकडं घाण्यावर तेल किलोवरच मागतात. करडी ४०० रुपये किलो. गावातल्या दुसऱ्या घाण्यावर ३८० ची बाटली आहे, लोक तेच तोंडावर फेकतात.

अन्नतंत्र (नाशिक)

ती बाटली लिटरची असणार, बघून घ्या. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ते ९२० ग्रॅम. तुमचा ४०० रुपये किलोचा भाव लिटरमध्ये केला तर ३६८ च्या आसपास येतो. तुम्ही त्यांच्यापेक्षा बारा रुपयांनी स्वस्त आहात, दादा! फक्त ते कुठं लिहिलेलं नाही.

हा घोळ मोठ्या कंपन्यांनीही भरपूर घातला. पाउचवर लिटर लिहून शेजारी बारीक अक्षरात तापमान छापायचे. तापमान जास्त धरलं की तेल फुगतं आणि कमी वजनात लिटर भरतो. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सांगितलं की तापमान न लिहिता माप द्या आणि सोबत वजनही छापा. तुम्ही सरळ बाटलीवर ‘१ लिटर (९२० ग्रॅम)’ असं छापा आणि तेवढंच भरा. आत फलकावर दोन्ही भाव शेजारी शेजारी ठेवा, किलोचा आणि लिटरचा. ज्याला हिशेब करायचाय तो करेल.

डोंबिवलीकर

गिऱ्हाईक म्हणून दोन शब्द. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गावाकडच्या घाणेवाल्यांचे मेसेज येतात. पहिली ओळ ‘शुभ सकाळ’, मग कमळ, मग रिफाइंड तेलानं काय काय रोग होतात त्याची यादी, मग ‘आजच संपर्क साधा’. भाव नाही. भाव विचारला की ‘ताई, पर्सनलवर पाठवलाय’. अहो, ग्रुपवर टाकायला काय होतं? भाजी घेताना कोणी कानात भाव सांगतं का?

मला चार गोष्टी लागतात: कुठलं तेल, पाच लिटरचे पडतील किती, डोंबिवलीत कुठल्या वारी पोचणार, पैसे आधी की नंतर. मोबाइलवर उघडायच्या आधी पहिली ओळच दिसते, त्यात तेल आणि भाव असला तर मी उघडते.

अजून एक. पहिल्यांदा घाण्याचं शेंगदाणा तेल आणलं तेव्हा भजी तळताना कढईभर फेस आला आणि बाटलीच्या तळाला गाळ. सासूबाई म्हणाल्या, भेसळ आहे, परत पाठव. मीही दोन महिने मागवलं नाही. नंतर कळलं की न गाळलेल्या, रिफाइन न केलेल्या तेलाचं असं होतं. बाटलीसोबत दोन ओळींची चिठ्ठी असती तर? कोणी देत नाही. सगळ्यांच्या चिठ्ठीवर ऋषिमुनी काय खायचे तेच.

सांगलीकर

सगळं मान्य, पण टॅगलाइन अगदीच फेकू नका हो. पुण्यातली ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी लोक वर्षानुवर्षं सांगत बसतात, ती काय आहे मग?

जुना पेंटर (बार्शी)

ती माहिती आहे, राव. शाखा नाही म्हणजे त्या नावानं दुसरीकडं विकणारा आमचा नाही. गिऱ्हाइकाच्या मनात खरोखर असलेल्या शंकेचं उत्तर आहे ते. त्यात गंमत वाटली हा पुणेकरांचा बोनस. ‘थेंबाथेंबात आरोग्य’ कुणाच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? तेच वाक्य तूपवाला लावेल, मधवाला लावेल, होमिओपॅथीवाला तर हक्कानं लावेल.

घाणेवाला (लातूर)

मंडळी, तुमचे उपकार. त्या दुसऱ्या घाण्याची बाटली मागवून बघितली, लिटरचीच निघाली.

वही ठेवली आहे. आत्तापर्यंत पेंड आणि ‘काढून द्याल का’ हेच पुढं आहेत, सूर्यफूल तिसरं. त्यावरून हे लिहिलंय, बघा जमतं का.

बोर्ड: काकांनी दिलेल्या तीन ओळी, फक्त तिसरीच्या शेजारी ‘पेंड मिळेल’ घालू का? वडील एका गोष्टीवर अडून बसलेत, आजोबांचा फोटो बोर्डवरून काढायचा नाही म्हणतात.

आत गल्ल्याजवळ: ‘करडी तेल ४०० रुपये किलो, ३६८ रुपये लिटर. एक किलो शेंगदाणा तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, करडीला त्याहून जास्त बी लागतं. दाण्याचा आजचा भाव शेजारी लिहिला आहे.’ हे मुद्दाम टाकलंय. महाग म्हणणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यानंच गुणाकार करावा.

बाटलीची चिठ्ठी: ‘तळाशी थोडा गाळ बसतो, तळताना फेस येतो. हे तेल रिफाइन केलेलं नाही, म्हणून. कढई अर्धीच भरा, बाटली न हलवता ओता.’

व्हॉट्सअॅप: ‘करडी तेल ५ लिटर १८४० रुपये, पोचवण्याचा खर्च वेगळा. पुणे, ठाणे, डोंबिवली: सोमवारपर्यंत मागणी द्या, शुक्रवारी पोचेल. पैसे माल मिळाल्यावर. लातूर, लाकडी घाणा.’

डोंबिवलीकर

मेसेज मस्त. पोचवण्याचा खर्च ‘वेगळा’ असं मोघम नको, आकडा टाका. त्या एका शब्दासाठी मी परत फोन करणार नाही. चिठ्ठीत शुक्रवारी आलेलं तेल किती महिने टिकतं तेही घाला.

अन्नतंत्र (नाशिक)

चिठ्ठी छान. टिकण्याची मुदत मात्र अंदाजानं लिहू नका, एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. बाटलीवर तीच तारीख जाते.

जुना पेंटर (बार्शी)

‘पेंड मिळेल’ बोर्डवर नको. पेंडीवाला आणि तेलवाला हे दोन वेगळे लोक आहेत. पेंडीची वेगळी पाटी करा, दोन बाय एकची, आणि दुकानावर लावू नका. दूध डेअरीच्या कोपऱ्यावर परवानगी काढून लावा, बाणासकट. म्हशीवाला सकाळ-संध्याकाळ तिथंच उभा असतो.

भावाची पाटी छापून घेऊ नका, काळी पाटी आणि खडू. भाव हलला की पुसता येतं, आणि खडूनं लिहिलेला भाव आजचा आहे हे माणसाला न सांगता कळतं.

आजोबांच्या फोटोचं असं करा. आत गल्ल्याच्या मागं मोठा, फ्रेममध्ये, हार घालून लावा. खाली त्यांच्या काळी घाणा होता का, बैलाचा होता का, ते एका ओळीत लिहा. थांबून बघायला वेळ असलेला माणूस आतच असतो. वडिलांना सांगा, बोर्डवर उन्हापावसात फोटोचा चेहरा वर्षात उडतो, ते बघवणार नाही. हे खरंच आहे, पटवायला म्हणून सांगत नाही.

आता मला गाळ्याच्या कपाळपट्टीचं नेमकं माप पाठवा, समोर विजेचा खांब किंवा झाड येतंय का तेही कळवा, आणि तोंड कुठल्या दिशेला आहे. पश्चिमेला असेल तर फ्लेक्स करू नका, पत्र्यावर ऑइल पेंटनं करू. दोन दिवस लागतील, पण टिकेल. अक्षरावर पैसे घेईन हं.